रणभूमीचे जतन : स्मारके उभी, मैदाने लुप्त

हरियाणातील पानिपत येथे १५२६, १५५६ आणि १७६१ साली झालेल्या तीन लढायांनी भारताच्या इतिहासाला वळण दिले. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर वसलेले हे शहर आज हातमाग, गालिचे, लोकरी कापड आणि तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी ओळखले जाते. बाबराच्या काळातील काबुली बाग मशीद, इब्राहिम लोदीची कबर आणि शहराबाहेर काला अंब येथील स्मारकस्तंभ ही लढायांची दृश्य चिन्हे तेथे आहेत. ज्या विस्तीर्ण मैदानावर सैन्ये भिडली, ते मैदान मात्र एकसंध संरक्षित क्षेत्र म्हणून उरलेले नाही. त्यावर शेती आहे, रस्ते आहेत आणि वाढत्या वस्त्याही आहेत.

ऐतिहासिक रणांगणांपुढे जगभर हाच प्रश्न उभा आहे. किल्ला किंवा मंदिर डोळ्यांना दिसते, म्हणून त्याचे रक्षण करावेसे वाटते. रणांगण हे बहुधा केवळ मोकळे रान असते. नगररचनेच्या नकाशावर ते रिकामी जागा म्हणून दिसते आणि बांधकामासाठी सर्वप्रथम तेच निवडले जाते.

जमीन हाच पुरावा

लढाईचा निकाल अनेकदा भूरचनेवर ठरतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी इंग्रजांची लढाई झाली. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात मराठ्यांचा तळ होता. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे आहेत, तेव्हा त्यांच्या दरम्यान उतार असलाच पाहिजे, असे अनुमान इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने बांधले आणि तेथूनच सैन्य पलीकडे नेले. ही हालचाल समजून घ्यायची तर नदीचे पात्र, काठ आणि गावांची स्थाने हीच मूळ साधने होत.

जमिनीच्या पोटातील पुरावाही तितकाच मोलाचा असतो. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली सू आणि शायान या आदिवासी जमातींनी कस्टर याच्या तुकडीचा संपूर्ण पराभव केला होता. १९८३ साली तेथील गवत वणव्यात जळून गेले आणि पुढील वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधकांच्या साहाय्याने मैदानाची पद्धतशीर पाहणी केली. काडतुसांवरील खुणांवरून एकेक बंदूक कोठून कोठे सरकली, हे त्यांना शोधता आले. इंग्लंडमधील बॉसवर्थच्या लढाईचे (१४८५) स्थळ पिढ्यान्पिढ्या एका टेकडीवर मानले जात होते. २००५ नंतरच्या पाहणीत शिसाचे तोफगोळे आणि तिसऱ्या रिचर्ड राजाचे चिन्ह असलेला रानडुकराच्या आकाराचा चांदीचा बिल्ला सापडला. त्यामुळे लढाईचे मुख्य स्थळ तेथून सुमारे तीन किलोमीटर दूर असल्याचे स्पष्ट झाले. त्या शेतांवर आधीच इमारती उभ्या राहिल्या असत्या, तर ही दुरुस्ती कधीच झाली नसती.

स्मारकाने केलेली हानी

स्मारक उभारले म्हणजे रणभूमीचे जतन झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वॉटर्लूचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. असई येथे लढलेल्या वेलस्लीने, म्हणजेच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या सेनापतीने, १८१५ साली तेथे नेपोलियनचा पराभव केला. त्या विजयाच्या स्मरणार्थ १८२० ते १८२६ या काळात सुमारे ४० मीटर उंचीचा मातीचा टेकाड रचून त्यावर सिंहाचा पुतळा बसविण्यात आला. त्यासाठी लागलेली माती रणांगणावरूनच उचलण्यात आली. परिणामी, वेलिंग्टनने सैन्याच्या बचावासाठी निवडलेली उंचवट्याची कड काही ठिकाणी सपाट झाली. पुढे १९१४ साली बेल्जियमने खास कायदा करून हे मैदान बांधकामापासून वाचविले.

मनॅससचे तीन संघर्ष

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात वॉशिंग्टनजवळ असलेल्या मनॅसस येथे यादवी युद्धातील दोन लढाया १८६१ आणि १८६२ मध्ये झाल्या. १९४० साली तेथे राष्ट्रीय रणभूमी उद्यान स्थापन झाले, परंतु लढाईचे सर्व क्षेत्र उद्यानाच्या हद्दीत नव्हते. १९८८ साली लगतच्या जमिनीवर मोठे व्यापारी संकुल उभे राहू लागताच अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सुमारे २२५ हेक्टर जमीन थेट ताब्यात घेतली. त्याची भरपाई देताना सरकारी तिजोरीवर मोठा भार पडला. १९९३ साली डिस्ने कंपनीने काही मैलांवर इतिहासविषयक मनोरंजन उद्यान जाहीर केले. इतिहासकार आणि स्थानिक रहिवासी यांच्या विरोधानंतर १९९४ मध्ये ही योजना मागे घेण्यात आली. तिसरा संघर्ष डेटा सेंटरांचा आहे. उद्यानालगतच्या सुमारे ८५० हेक्टर क्षेत्रावरील प्रकल्पाला २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्थानिक मंडळाने मंजुरी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यासाठीचा भूवापर बदल रद्दबातल ठरविला.

यादवी युद्धाच्या स्थळांविषयी नेमलेल्या आयोगाने १९९३ साली ३८४ प्रमुख रणांगणांची नोंद केली. त्यांपैकी जवळपास एक-पंचमांश तोवर नष्ट किंवा छिन्नविच्छिन्न झाली होती. त्यानंतर सरकारी अनुदान आणि लोकवर्गणी यांची सांगड घालण्यात आली. अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट या संस्थेने या मार्गाने विविध युद्धांतील ६० हजार एकरांहून अधिक जमीन वाचविली आहे. प्रत्येक ठिकाणी जमीन विकत घेतलीच जाते असे नाही. काही ठिकाणी मालकाशी करार होतो. शेती पूर्वीप्रमाणेच चालते, मात्र बांधकामाचा हक्क मोबदला घेऊन कायमचा सोडला जातो.

इंग्लंडमध्ये १९९५ पासून ऐतिहासिक रणांगणांची अधिकृत नोंदसूची आहे. सुरुवातीस तीत ४३ स्थळे होती, आता ४७ आहेत. बांधकाम परवानगी देताना या नोंदीचा विचार करणे प्रशासनाला आवश्यक असते, परंतु तिने सरसकट बंदी येत नाही. २०१८ साली बॉसवर्थच्या नोंदणीकृत क्षेत्राच्या एका भागावर वाहनचाचणी मार्गाला स्थानिक परिषदेने मंजुरी दिली, तेव्हा ही मर्यादा उघड झाली.

भारतातील स्थिती

भारतात प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. या कायद्यातील व्याख्या वास्तू, दफनस्थळ, गुंफा, शिलालेख, अवशेष यांभोवती रचलेल्या आहेत. रणभूमी असा स्वतंत्र वर्ग त्यात नाही. राजस्थानातील हळदीघाटी, रक्त तलाई आणि चेतक समाधी ही १५७६ च्या लढाईशी निगडित स्थळे केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. म्हणजे इच्छा असल्यास मार्ग निघू शकतो. मात्र कित्येक किलोमीटर पसरलेल्या मैदानाला स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांचे माप पुरत नाही.

विलंबाचे मोल काय असते, हे पश्चिम बंगालमधील प्लासी दाखविते. १७५७ च्या लढाईतील आमराई आणि मैदानाचा बराचसा भाग भागीरथी नदीने पात्र बदलताना गिळंकृत केला. तेथे स्मारकस्तंभ आहे, परंतु रणांगण पूर्वरूपात पाहण्याची सोय उरलेली नाही. नदीचे वळण थोपविणे कोणाच्या हाती नव्हते. नगरविस्ताराची दिशा मात्र माणसेच ठरवितात.

पानिपतच्या तिसऱ्या लढाईपूर्वी मराठ्यांनी शहरालगत खंदक खोदून तळ दिला होता. बागपतजवळ यमुना ओलांडून अब्दालीने दिल्लीची वाट अडविली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपासमारीने गांजलेले सैन्य बाहेर पडले. काशीराज पंडिताचा वृत्तान्त आणि तत्कालीन पत्रे यांच्या आधारे अभ्यासकांनी या लढाईची मांडणी केली आहे. ती जमिनीवर पडताळण्यासाठी मोकळी जागा लागते. महाराष्ट्र शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पानिपत येथे मराठ्यांच्या शौर्याचे स्मारक उभारण्याची घोषणा केली आहे.

स्मारकाने आदर व्यक्त होतो, त्याविषयी दुमत नाही. परंतु त्याबरोबर उरलेल्या मोकळ्या जमिनीची मोजणी, धातुशोधकांद्वारे पाहणी आणि शेतकऱ्यांना मोबदला देऊन बांधकामापुरते करार ही कामेही आवश्यक ठरतात. हजारो एकर जमीन संपादित करणे आणि तेथे राहणाऱ्यांना हटविणे व्यवहार्य नाही व न्याय्यही नाही. लढाईच्या काळीही जे शेत होते ते शेतच राहू देणे, हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. स्तंभ पुढेही केव्हाही उभारता येतो. एकदा खणून भराव घातलेली रणभूमी मात्र पुन्हा मिळत नाही.