आईचा नकार आणि १९७८चा एक निकाल

आई-बाबांची स्मृती उतरणीला लागली आणि ऐन गरजेच्या वेळी ते "मला नको ते ऑपरेशन" म्हणून अडून बसले, तर तो नकार त्यांचा मानायचा की आजाराचा? इथल्या न्यायालयात १९७८ साली असाच एक खटला उभा राहिला.

मॅसॅच्युसेट्समधल्या रोझारिया कँड्युरा. वय ७७, नवरा वारलेला, मधुमेह, पायाला गँगरीन. पाय कापायला त्या आधी तयार झाल्या आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नको म्हणाल्या. बोलताना विषय भरकटायचा, काळाचं भान सुटायचं. मुलगी कोर्टात गेली, मला पालक नेमा, मी संमती देते. खालच्या कोर्टाने ते मान्यही केलं. मुलीला दोष देववत नाही, तिला आई हवी होती.

अपील कोर्टाने निकाल फिरवला. पाय नाही कापला तर मरण येईल, हे बाईंना समजत होतं. नवरा गेल्यापासून जगण्यात राम नाही, मुलांवर ओझं नको, नर्सिंग होम नको, ही कारणं त्या स्वतः सांगत होत्या. कोर्टाने एक मार्मिक गोष्ट टिपली. त्या 'हो' म्हणाल्या होत्या, तेव्हा त्यांच्या समजेबद्दल कुणी शंका काढली नव्हती.

हे समजणंच थांबलं, तर उत्तर बदलतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९० साली हेल्थ केअर प्रॉक्सीचा कायदा झाला. भान असतानाच, आपल्या वतीने ठरवणारा माणूस लेखी नेमून ठेवायचा. तरीही आईने ऐनवेळी विरोध केला, तर ती निर्णयाला असमर्थ आहे असा कोर्टाचा आदेश येईपर्यंत शब्द तिचाच चालतो.