तारेखालची जमीन कुणाची?

समुद्राखालून टाकलेल्या तारांचा इतिहास सांगताना जहाजं येतात, गटापर्चाचं वेष्टण येतं, तुटलेली तार खोल पाण्यातून वर काढणारे इंजिनिअर येतात. ती तार ज्या किनाऱ्यावर वर आली तिथली जमीन कुणाची होती, हे मात्र तळटीपेत जातं. कुणीतरी मालक असणार, त्याला भाडं देऊन पट्टा लिहून घेतला असणार, असं आपण गृहीत धरतो. सातबाऱ्यावर नाव आहे, मग भाडेकरार होतो, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो उलटाही असू शकतो हे सुचत नाही. कराचीच्या पश्चिमेला मकरानच्या किनाऱ्यावर आणि इराणच्या आखातात १८६१ ते १८८७ या काळात तो उलटाच होता. तारखात्याने तिथे केलेल्या करारांनी आधीच ठरलेला मालक नोंदवला नाही. कोणाला मालक म्हणायचं हे पुष्कळ ठिकाणी त्या करारांनीच ठरवलं.

१८५७च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला आठवडे लागले आणि तारेची निकड भासू लागली. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तार १८६०मध्ये निकामी झाली. ब्रिटिश सरकारने त्या कंपनीला पन्नास वर्षांची हमी देऊन ठेवली होती, त्यामुळे बंद पडलेल्या तारेचे पैसे खजिन्यातून जात राहिले. मग आखातातून जायचं ठरलं. कराची ते ग्वादर खांबांवरची तार, तिथून मुसंदम आणि बुशहरमार्गे फावपर्यंत समुद्रातली, आणि पुढे तुर्कांची बगदादवरून जाणारी. १८६४मध्ये तार घेऊन आलेल्या पाच शिडाच्या जहाजांपैकी दोन, ‘ट्वीड’ आणि ‘असई’, मूळची मुंबईच्या गोदीत बांधलेली युद्धजहाजं होती. ‘ट्वीड’चं आधीचं नाव ‘पंजाब’, आणि ‘असई’ला जालना जिल्ह्यातल्या १८०३च्या रणभूमीचं नाव. तार टाकायला काही महिने पुरले. जमिनीचं प्रकरण त्याआधी सुरू झालं होतं आणि तार कामाला लागल्यावरही ते मिटलं नाही.

पहिला गुंता लास बेलाचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथला अधिकारी फ्रेडरिक गोल्डस्मिड १८६१मध्ये मकरानच्या पाहणीला निघाला. बेलाच्या जामशी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याशी, त्याने जो करार केला त्यात जमिनीचं मोजमाप नाही की चतु:सीमा नाहीत. वार्षिक रकमेच्या बदल्यात जामने आपल्या मुलुखातल्या तारेला आणि तारखात्याच्या माणसांना संरक्षण द्यायचं, एवढंच होतं. म्हणजे ही रक्कम जमिनीचं भाडं नव्हती. तार तोडली जाऊ नये म्हणून दिलेला तो तनखाच होता, आणि मराठ्यांच्या इतिहासाची ओळख असलेल्या वाचकाला तो प्रकार नवा वाटणार नाही. मात्र ज्याच्याशी करार केला त्यालाच त्या पट्ट्याचा धनी मानावं लागलं. पैसे दरसाल येऊ लागले की त्यांच्याबरोबर दर्जाही येतो.

ग्वादरला हे जास्त स्पष्ट दिसतं. १७८३च्या सुमारास बलुचिस्तानातल्या कलातच्या नासिर खानाने हे बंदर मस्कतहून परागंदा झालेल्या सुलतान बिन अहमदच्या हवाली केलं. कायमचं दिलं, की उत्पन्नापुरतं, की आश्रय असेपर्यंत, यावर पुढे पिढ्यानपिढ्या वाद चालला. त्यात इराणही मकरानवर हक्क सांगत होता. तारघराला जागा लागते ती तशी थोडी: तार वर येते तिथे वाळूत खणलेला चर, यंत्रांची आणि बॅटऱ्यांची खोली, कारकुनांची घरं, गोड्या पाण्याची विहीर, होडी लावायला उतार. तेवढ्यासाठी पावशतकाचा दावा चालवायला तारखात्याला सवड नव्हती. १८६४-६५मध्ये मस्कतचा सुलतान थुवैनी याच्याशी करार झाले आणि तारेपुरता ग्वादरचा मालक सुलतान ठरला. कलातच्या खानाचा दावा कुणी तपासून फेटाळला नाही; त्याच्या बाजूने करार झाला नाही, इतकंच.

मुसंदमला गोष्ट वेगळी वळली. डोंगरकड्यांच्या आत शिरलेल्या अरुंद खाडीला मुंबईच्या गव्हर्नरवरून एल्फिन्स्टनचं नाव पडलं होतं. तिथल्या एका लहानशा खडकाळ बेटावर ठाणं बांधलं. किनाऱ्यावर शिहू आणि झहुरी जमातींची वस्ती, वर मस्कतचा दावा, आणि प्रत्यक्षात अंमल कुणाचाच धड नाही, म्हणून मुख्य भूमीवर पाय ठेवायचं टाळलं. उष्मा आणि एकांत यांनी माणसं टेकीला आली, आणि १८६८-६९मध्ये ठाणं सोडून तार इराणच्या किनाऱ्यावरच्या जास्ककडे नेली. पण ओसाड पडलेल्या त्या बेटावर कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४मध्ये, ब्रिटिश ध्वजस्तंभ उभा राहिला. तो उभारण्यामागे तिथे एकेकाळी आपलं तारघर होतं ही आठवण होती. चार-पाच वर्षांच्या वहिवाटीचा असा उपयोग कोणताही जमीनदार ओळखेल.

सगळ्यात बोलका पुरावा इराणच्या बाजूचा आहे. २ एप्रिल १८६८च्या कराराने ग्वादरपासून जास्क आणि बंदर अब्बास यांच्यामधल्या एका ठिकाणापर्यंत तार नेण्याची परवानगी मिळाली. इराणच्या सत्तेखालच्या किनाऱ्यांसाठी वर्षाला ३,००० तोमान द्यायचं ठरलं. त्या पट्ट्यातलं नेमकं कोणतं ठिकाण कुणाचं, हे मात्र करारात उलगडलेलं नाही. आणि पुढच्याच वर्षी त्याच किनाऱ्यावरच्या गेह, दश्तियारी वगैरे बलुच सरदारांशी वेगळे करार करून त्यांनाही वार्षिक रकमा सुरू झाल्या. एकाच खांबाखालच्या जमिनीपोटी तेहरानलाही पैसे आणि सरदारालाही. ही अडचण फार दिवस झाकून ठेवता येणारी नव्हती. म्हणून १८७०-७१मध्ये इराण आणि कलात यांच्यातली सीमा आखायला आयोग नेमला गेला, आणि त्याचं काम पाहिलं गोल्डस्मिडनेच. त्याआधी तो इंडो-युरोपियन तारखात्याचा महासंचालक होता. ज्याने तारेच्या वाटेसाठी धनी शोधले, त्यानेच पुढे राज्याची हद्द आखली, यात मला योगायोग दिसत नाही. १८७२मध्ये चाबहार मस्कतच्या हातून इराणकडे गेलं. आखलेल्या रेषेच्या पश्चिमेला काय उरतं हे एव्हाना सर्वांना कळलं होतं.

यावर आक्षेप घेता येतील. हे वाद तारेच्या कितीतरी आधीचे होते, हा पहिला. खरं आहे. पण धूसर हक्क शतकानुशतकं धूसर राहू शकतात. गुराख्याला किंवा कोळ्याला सीमा नेमकी कुठे हे माहीत नसलं तरी चालतं. दरसाल रक्कम देणाऱ्या खात्याला पावती कुणाच्या नावाने करायची हे माहीत असावंच लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ब्रिटिशांकडे आरमार होतं, त्यांनी हवी ती जागा बळकावली, करार हा नुसता देखावा. देखाव्याचा भाग त्यात होताच. तरी शेकडो मैलांच्या वाळवंटात प्रत्येक खांबाजवळ शिपाई उभा करण्यापेक्षा सरदाराला पैसे देणं कितीतरी स्वस्त होतं. आरमार बंदर घेऊ शकतं, रात्री तार तोडणाऱ्या माणसाला शोधू शकत नाही. शिवाय बळानेच सगळं होत असतं तर जास्कला जे घडलं ते घडायला नको होतं. तिथल्या ठाण्याच्या रक्षणाला १८७९च्या सुमारास मुंबईच्या देशी पायदळाची तुकडी आणून ठेवली. आपल्या भूमीवर परक्याची फौज कशाला, असा आक्षेप इराणने घेतला आणि लावून धरला. १८८७मध्ये ती तुकडी हटवावी लागली, आणि त्याच वर्षी तारघराच्या जागेची हद्द लेखी करून ठरवण्यात आली. आधी ३,००० तोमान देऊन जास्क इराणचं आहे हे मान्य केलेलं असताना, तिथे फौज ठेवण्याचा हक्क कोणत्या तोंडाने सांगणार होते? पट्टा घेणाऱ्यालाही पट्टा बांधून ठेवतो.

तारेच्या सोयीसाठी मान्य केलेले हक्क तार जुनी झाल्यावरही टिकले. ग्वादरवरचा कलातचा दावा नंतरही अधूनमधून डोकं वर काढत राहिला. ८ सप्टेंबर १९५८ रोजी ते बंदर पाकिस्तानच्या ताब्यात गेलं. त्याची किंमत, ३० लाख पौंड, ओमानच्या सुलतानाला मिळाली.