बोगद्याचा घेर

भुयारी रेल्वेतल्या आरामाची चर्चा निघाली की बोलणे हटकून आसनांवर येते. नवा डबा आला की त्याच्या गाद्या, दिवे आणि खांबांची छायाचित्रे छापून येतात, आणि प्रवाशाची सोय झाली असे सगळे धरून चालतात. इतिहास तपासला तर मात्र प्रवाशाचे सुखदुःख डबा बनवणाऱ्याच्या हातात फारसे नसते असे दिसते. ते ठरलेले असते बोगदा खणताना, बहुधा दोन-तीन पिढ्या आधी, आणि तेही खर्चाच्या हिशेबात. याचा सर्वांत चांगला पुरावा लंडनमध्ये आहे. तिथे एकाच व्यवस्थेखाली दोन जातींच्या भुयारी गाड्या शंभराहून अधिक वर्षे शेजारीशेजारी धावत आहेत.

पहिली जात उथळ भुयारांची. 10 जानेवारी 1863 रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली. रस्ता उकरायचा, भिंती बांधायच्या, वर कमान घालून रस्ता पूर्ववत करायचा, अशी ती रीत. आत वाफेची इंजिने धावत, त्यामुळे धूर आणि गंधकाच्या वासाने प्रवासी हैराण होत. 1905 मध्ये वीज आली तेव्हा कुठे सुटका झाली. पण एक गोष्ट नकळत साधली होती. ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या सात फुटी गेजच्या गाड्याही इथून जाव्यात म्हणून भुयार मुळातच ऐसपैस ठेवले होते. ते रुंद रूळ 1869 पर्यंतच टिकले. रुंदी मात्र राहिली. 2010 पासून याच मार्गांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आतून चालत जाता येईल अशा वातानुकूलित गाड्या आल्या, त्या याच रुंदीमुळे.

दुसरी जात खोल नळ्यांची. जेम्स ग्रेटहेडच्या पोलादी ढालीने लंडनच्या चिकणमातीतून खणलेली सिटी अँड साउथ लंडन रेल्वे 1890 मध्ये सुरू झाली. तिच्या बोगद्याचा व्यास जेमतेम 10 फूट 2 इंच होता. कंजूषपणाचे कारण साध्या गणितात आहे: दहा फुटांचा व्यास बारा केला तर उपसायची माती 44 टक्क्यांनी वाढते. शिवाय गाड्या दोराने ओढायचा मूळ बेत होता, म्हणजे मोठ्या इंजिनाला जागा लागणार नव्हती. डब्यात गाद्या भरपूर होत्या, पाठीला अगदी उंचापर्यंत. बोगद्यात पाहायचे काय, या हिशेबाने खिडक्यांच्या जागी छताखाली नुसत्या फटी ठेवल्या होत्या. स्टेशनचे नाव दिसणार नाही म्हणून गार्ड ते ओरडून सांगे. लोकांनी या डब्यांना नाव ठेवले वेड्यांच्या गादीदार कोठड्या. उत्तम गादी असूनही प्रवासी कोंडला जातो हे पहिल्याच प्रयोगात सिद्ध झाले. पुढे 1922 ते 1924 या काळात हे बोगदे 11 फूट 8 इंचांच्या आसपास वाढवावे लागले. वाचवलेला पैसा असा गेला.

1900 ची सेंट्रल लंडन रेल्वे मुळातच या 11 फूट 8 इंचांच्या आसपासच्या मापाची. तिची 44 टनी विजेची इंजिने इतकी धडधडत की वरच्या घरांतून आणि कचेऱ्यांतून तक्रारी आल्या, सरकारी समिती बसली, आणि 1903 पर्यंत इंजिने काढून डब्यांखालीच मोटारी बसवाव्या लागल्या. धडधड कमी झाली. उष्णता मात्र साठत गेली. मोटारींची आणि ब्रेकची ऊब भोवतीची माती पिते. सुरुवातीला सुमारे 14 अंश असलेली ही माती आता ठिकठिकाणी 19 ते 26 अंशांवर गेली आहे. डबा नळीत इतका घट्ट बसतो की शीतयंत्राला जागा नाही, आणि बसवले तरी त्याची गरम हवा त्याच नळीत सोडायची.

यावर म्हणता येईल की 1890 च्या माणसांना पुढचे कसे कळावे? पण काहींना कळले होते. 1904 मध्ये फिन्सबरी पार्क ते मूरगेट ही ग्रेट नॉर्दर्न अँड सिटी रेल्वे 16 फूट व्यासाच्या बोगद्यांतून सुरू झाली, मुख्य मार्गाच्या गाड्या थेट शहरात याव्यात म्हणून. त्या गाड्या देणारी कंपनीच मागे फिरली, धंदा बसला आणि 1913 मध्ये मेट्रोपॉलिटनने ती रेल्वे विकत घेतली. तेव्हाच्या भागधारकांनी रुंद बोगद्याला बोल लावला असेल तर नवल नाही. 1976 मध्ये मुख्य मार्गाच्या गाड्या अखेर तिथून धावू लागल्या, आणि आता त्याच बोगद्यांतून वातानुकूलित गाड्या जातात, एक वीटही न हलवता. भागधारकाचा तोटा प्रवाशाच्या पथ्यावर पडायला सत्तर वर्षे लागली, इतकेच.

दुसरा आक्षेप पॅरिसवाल्यांचा: आराम चाकात आहे. 1956 मध्ये तिथल्या अकराव्या मार्गावर रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्या चढ सहज चढतात, लवकर वेग घेतात, रुळांवर किंचाळत नाहीत. 1966 मध्ये माँट्रियलने सगळी मेट्रोच रबरावर बांधली. पण रबर पोलादापेक्षा जास्त तापते, आणि माँट्रियलची मेट्रो पूर्णपणे जमिनीखाली आहे. तिथल्या गाड्यांना आजही वातानुकूलन नाही, कारण पुन्हा तेच, उष्णता बोगद्यात जाईल. कानांना सुख मिळाले, घाम तसाच राहिला.

कोलकात्याचा दाखला मात्र माझ्या म्हणण्याला खरोखर मुरड घालतो. 24 ऑक्टोबर 1984 ला सुरू झालेली ती मेट्रो ब्रॉडगेजची, भुयार प्रशस्त, तरी पहिली वातानुकूलित गाडी यायला 2010 उजाडले. तोवर तिथल्या दमट हवेत भुयारात सोडलेल्या हवेवर आणि पंख्यांवर भागवले गेले. म्हणजे रुंद बोगदा आराम देतोच असे नाही. तो आरामाची वाट बंद करत नाही. पैसा आणि इच्छा आली त्या दिवशी कोलकात्याला फक्त गाड्या बदलाव्या लागल्या.

अरुंद नळीतही आता शीतयंत्र बसते, हा सर्वांत ताजा आक्षेप. लंडनच्याच 1906 च्या पिकॅडिली मार्गासाठी तशा गाड्या तयार झाल्या आहेत, हे खरे. त्यासाठी डबे एकमेकांना जोडून चाकांचे संच कमी करावे लागले, तेव्हा खाली जागा निघाली. हे कौशल्य वादातीत आहे, पण ते शंभर वर्षांपूर्वी वाचवलेल्या चार-सहा फुटांची भरपाई आहे. मुंबईची कफ परेड ते आरे भुयारी मेट्रो 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून वातानुकूलित आहे, कारण ती यंत्रे आणि त्यांची जागा दोन्ही आराखड्यातच होती. सेंट्रल लंडन रेल्वेच्या 1900 मधल्या नळ्यांतून धावणाऱ्या सेंट्रल लाइनच्या गाड्यांत वातानुकूलन अजून आलेले नाही.