शकुंतलेची अंगठी आणि सोसायटीची फाईल

टिटवाळ्यात राहतो म्हणून सांगितलं की समोरचा माणूस हात जोडतो. मला नव्हे, गणपतीला. "भाग्यवान आहात, रोज दर्शन होत असेल," असंही वर म्हणतो. वास्तविक टिटवाळेकराला रोज दर्शन घडतं ते स्टेशनवरच्या इंडिकेटरचं, आणि तोही रोज पावतोच असं नाही. देवळात आम्ही जातो ते पाहुणे आले की. मात्र दर खेपेला पाहुण्यांना सांगून सांगून देवळाची कथा तोंडपाठ झाली आहे. इथे म्हणे कण्व मुनींचा आश्रम होता. दुष्यंताने शकुंतलेला ओळखच दाखवली नाही, तेव्हा कण्वांच्या सांगण्यावरून तिने इथे गणपतीची आराधना केली आणि दोघं पुन्हा एकत्र आली. खुणेची अंगठी तेवढी माशाच्या पोटात गेली होती, तीही एका कोळ्याला सापडली. तेव्हापासून ज्यांचं लग्न जमत नाही ते, आणि ज्यांचं जमून बिघडलं ते, असे दोन्ही पक्ष मंगळवारी आमच्या स्टेशनवर उतरतात.

ही कथा आज काढायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीच्या ऑफिसातले दोन संगणक. दोघांत अंतर चार हातांचं. पण एकाने दुसऱ्याला ओळखायचं साफ नाकारलं होतं.

गोष्ट २०१९ सालची. सोसायटीने मला खजिनदार केलं तेव्हा पात्रता एकच पाहिली: बी.कॉम. आहे आणि बँकेत आहे. बँकेत मी कारकून आहे, दिवसभर लोकांचे पैसे लोकांना देतो, हे कुणी लक्षात घेतलं नाही. ऑफिसातला जुना संगणक हिशेबनीसांपुढे आणि २०१८ साली घेतलेला नवा सेक्रेटरींपुढे. मेंटेनन्सची फाईल जुन्यावर. ती सेक्रेटरींना आपल्या जागेवरून बघता यावी, एवढीच माफक अपेक्षा. ती पुरी होईना, म्हणून पेन ड्राइव्हवर घालून फाईल इकडून तिकडे न्यायचा प्रघात पडला. दोन महिन्यांत एका फाईलच्या पाच झाल्या: 'हिशेब', 'हिशेब नवा', 'हिशेब फायनल', 'हिशेब फायनल खरा' आणि 'हा वापरा'.

सेक्रेटरींनी नेमका 'हिशेब फायनल' उघडला. वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर थकबाकीदारांची यादी जिन्याखालच्या फळ्यावर लागली आणि तिच्यात पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं. मास्तर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची नावं फळ्यावर लिहिली, त्याचं नाव फळ्यावर! येणारे-जाणारे दिवसभर वाचत होते. संध्याकाळी मास्तर ऑफिसात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून घडी केलेली पावती काढली, टेबलावर ठेवली आणि "बघून घ्या," एवढंच म्हणाले. पावतीवर सही माझी होती.

त्या क्षणी मला दुष्यंताचा हेवा वाटला. त्याला निदान दुर्वासांच्या शापाची सबब होती.

यादी उतरवली. त्याच फळ्यावर माझ्या सहीने दुरुस्ती लावली. पण ही दोन यंत्रं बोलती झाल्याशिवाय यादी पुन्हा चुकणार, हे उघड होतं. आणि बँकेतल्या माणसाला एकच युक्ती ठाऊक असते. ताळा जुळला नाही की मागची पानं उलटायची. तशी मी उलटली.

जुन्या बँकेत ही भानगडच नव्हती, कारण खात्याचं पान एक आणि लेजरही एकच. मी २००३ साली नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत एक दप्तरीकाका होते, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या उमेदीत लेजरं या काउंटरवरून त्या काउंटरवर नेण्याचं काम त्यांचं. म्हणजे शाखेचं नेटवर्क तेच. कुणी काय बघायचं आणि कुणी बघायचं नाही, हेही त्यांना पाठ. लेजर एका कारकुनापुढे उघडं असलं की दुसऱ्याने थांबायचं. संगणकवाले याला फाईल लॉक होणं म्हणतात. दप्तरीकाका "साहेबांकडे आहे" म्हणत. थांबावं लागे, पण एका माणसाचे दोन हिशेब होत नसत.

मग यंत्रं आली. रिझर्व्ह बँकेने १९८३ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९८४ साली आला. यंत्रं आणावीत कुठे यावर बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ सालीच करारही झाला होता. नोकऱ्या जातील ही भीती होती आणि ती काही खोटी म्हणता येणार नाही. दप्तरीकाकांच्या जागी पुन्हा कुणी भरला गेलेला मी पाहिला नाही. पुढे शाखाशाखांतून लेजर पोस्टिंग मशिनं आली. पण आली ती बहुतेक एकेकटी. एकाचं दुसऱ्याला कळवायचं तर फ्लॉपी घ्यायची आणि चालत जायचं. अमेरिकेत या पद्धतीला कॅनव्हासच्या बुटांवरून नाव पडलं आहे. आपण चपलानेट म्हणायला हरकत नाही. आमचा पेन ड्राइव्ह म्हणजे याच घराण्यातला शेवटचा पुरुष.

अमेरिकेत यावरचा तोडगा त्याआधीच निघाला होता. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ नावाच्या गृहस्थांनी एक टिपण लिहिलं. सगळी यंत्रं एकाच वायरीला जोडायची, बोलण्याआधी वायर मोकळी आहे का ऐकायचं, आणि दोघं एकदम बोललेच तर दोघांनीही गप्प बसायचं, मनाला येईल तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. याचं नाव इथरनेट. आमच्या सोसायटीच्या सभेत हा नियम लागू केला तर सभा पंधरा मिनिटांत संपेल, पण मग लोक येतील कशाला? त्या काळच्या जाड वायरीनंतर बारीक वायर आली. तिची लांबी १८५ मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांना टोपणं. त्यातलं एक टोपण निघालं की साऱ्या ऑफिसचा संवाद बंद. एकत्र कुटुंबात एक आत्या रुसली की होतं तसं.

वायर झाली, पण फाईल मागायची कोणत्या शब्दांत? ते आयबीएममधल्या बॅरी फायगनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरवलं. त्या बोलीला त्यांनी आधी स्वतःची आद्याक्षरं दिली होती. पुढे 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', म्हणजे एसएमबी, असं सोज्वळ नाव पडलं. मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि १९९२च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'पासून ती लहान ऑफिसांतही नांदू लागली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी दुसऱ्या जातीच्या यंत्रांना ही बोली शिकवली. नाव हवं होतं, म्हणून एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द यंत्राकडून शोधून घेतले. निघाला 'सांबा'. त्यांनी 'शोले' पाहिला असेल असं वाटत नाही, पण वर बसून विचारलेल्याचं चोख उत्तर देणं, हे काम दोन्ही सांबांचं एकच.

इकडे केंद्रीय दक्षता आयोगाने बँकांना बजावलं, की १ जानेवारी २००१पर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आलाच पाहिजे. त्यामुळे मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत सर्व्हर होता आणि त्याला स्वतंत्र एसी होता. आम्हाला पंखा होता. पुढे कोअर बँकिंग आलं, शाखेचं लेजर शाखेतून गेलं आणि कुठूनही बघता येऊ लागलं. म्हणजे हिंडून-फिरून आम्ही पुन्हा एका माणसाच्या एका पानावर आलो. दप्तरीकाकांच्या काळात होतो तिथेच.

एवढा इतिहास पचवून मी संध्याकाळच्या गाडीने उतरल्यावर सोसायटीच्या ऑफिसात बसू लागलो. पहिल्या संध्याकाळी वायर तपासली. ती स्विचमध्ये घुसवलेली नव्हती, नुसती टेकून बसली होती. घट्ट बसवली, हिरवा दिवा लागला, मी चहा मागवला. फाईल दिसली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी नावं तपासली. जुना संगणक 'एमएसहोम' या गटात, नवा 'वर्कग्रुप' या गटात. वेगळ्या गटातला शेजारी यादीत दिसत नाही. नाव ठाऊक असेल तर दार तेवढं ठोठावता येतं. दोघांना एका गटात आणलं. सेक्रेटरींना संगणकाला सोसायटीचं पूर्ण नाव द्यायचं होतं, पण हे नाव पंधरा अक्षरांत बसवावं लागतं आणि सोळावं यंत्र स्वतःकडे राखून ठेवतं, असा १९८०च्या दशकापासूनचा रिवाज आहे. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' इथेच अडलं.

तिसऱ्या संध्याकाळी पासवर्ड. हिशेबनीसांनी तो ठेवलाच नव्हता. "लपवायचंय काय?" हा त्यांचा सवाल. पण विंडोजचा न्याय उफराटा आहे. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्यावर बाहेरून प्रवेश नाही. कुलूप नसलेल्या घरात पाहुण्याला मज्जाव! पासवर्ड ठेवला. शकुंतलेची अंगठी म्हणजे हीच. प्रेम कितीही असो, खूण दाखवल्याशिवाय दरबारात कुणी ओळखत नाही.

चौथ्या संध्याकाळी नव्या संगणकाने खरं कारण ओकलं. समोरचा जुनाट एसएमबी-१ मध्ये बोलतो, आणि ती बोली धोक्याची आहे. गट जुळला, खूण पटली, बोलीच वेगळी. जुन्यावर होतं विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवली होती, पण आमच्या हिशेबनीसांना हे कुणी कळवलं नव्हतं.

संगणक दुरुस्तीचा मुलगा म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम. नव्यावर जुनी बोली चालू करतो आणि फोल्डर एव्हरीवनला फुल देऊन टाकतो." मोह पडला. पण याच जुन्या बोलीतल्या एका भोकातून १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला होता. लोकांच्या फायलींना कुलपं घालून खंडणी मागत होता. ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. भोक बुजवायचं साहित्य मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते अडकले. त्या वर्षाच्या शेवटाकडच्या नव्या विंडोजमधून तर ती बोली मुळात वगळली गेली. आणि 'एव्हरीवन'ला सगळे हक्क म्हणजे स्ट्राँगरूमची किल्ली नाक्यावरच्या पानवाल्याकडे ठेवणं. दप्तरीकाका लेजर कुणालाही देत होते का?

मी जुन्या संगणकाला निवृत्त करायचं सुचवलं. कमिटीत तीन बैठका झाल्या. एका सभासदाने "चालतोय की!" म्हणून त्याची बाजू मांडली. अखेर मी मास्तरांची पावती टेबलावर ठेवली, तेव्हा खर्च मंजूर झाला. हिशेबनीसांना नवा संगणक आला. पाचांपैकी चार फायली, पावत्यांशी ताडून, मी स्वतः पुसल्या. एक राहिली.

सभेच्या आदल्या दिवशी मास्तरांना मुद्दाम ऑफिसात बोलावलं. दोन्ही पडद्यांवर त्यांचं नाव आणि पुढे शून्य. "आता दोघंही एकच सांगतात, मास्तर," मी म्हटलं, "पावती आता फेकून दिलीत तरी चालेल."

मास्तरांनी दोन्ही पडदे चष्मा पुसून वाचले. मग माझ्या हातून पावती परत घेतली, तिची जुन्याच घडीवर घडी केली आणि खिशात ठेवली.

"असू दे," ते म्हणाले. "मासा काही दर वेळी सापडत नाही."