चिखलातली विंच स्पर्धा: रेनफॉरेस्ट चॅलेंज
फोर बाय फोर गाड्यांची ही स्पर्धा १९९७ मध्ये मलेशियाच्या जंगलात सुरू झाली. भारतात ती २०१४ मध्ये गोव्यात आली, तीही ऐन पावसाळ्यात.

गाडीत दोघंच, चालक आणि सहचालक. नाव चालकाचं होतं, पण खरी कसरत सहचालकाची. गाडी रुतली की तो चिखलात उतरतो आणि विंचचा दोर झाडापर्यंत ओढत नेतो. घड्याळ चालूच असतं. दोर थेट झाडाला बांधत नाहीत, साल कापली जाते. आधी रुंद पट्टा, त्यात शॅकल. गाडी फारच बसली असेल तर झाडाला कप्पी लावून दोर परत गाडीलाच अडकवतात. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग मात्र निम्मा.

धोका दोर तुटण्याचा. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटते. म्हणून तारेवर जड कापड टाकतात, ती कुणी ओलांडत नाही, बाकीचे लांब उभे राहतात. आपल्याकडे रुतलेला ट्रॅक्टर ओढताना पोरं नेमकी तारेजवळच गर्दी करतात! सिंथेटिक दोर हलका, तुटला तरी तारेइतका उसळत नाही. पण दगडावर घासला की लवकर झिजतो, म्हणून वापरण्याआधी तो हाताने चाचपून बघतात.