एकच तक्ता: विमा कंपनीला फायदा, सरकारला फटका

विम्यातलं एखादं मॉडेल चांगलं की वाईट, हे ठरवायचं कसं? उत्तरासाठी आज इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला जाऊया.

तिथल्या एका पॅरिशच्या 1735 ते 1780 या काळातल्या नोंदींवरून रिचर्ड प्राइस यांनी मृत्यूचा तक्ता बनवला. कोणत्या वयात किती जण दगावतील, याचा अंदाज. त्या काळचं प्रेडिक्टिव्ह मॉडेलच म्हणा ना! पण एक गोची होती. जन्म मोजले बाप्तिस्म्यांवरून, आणि बाप्टिस्ट लोक तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करतच नसत. जन्म कमी भरले. त्यामुळे माणसं लवकर मरतात, असं तक्ता सांगू लागला.

लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने हाच तक्ता वापरला. लोक जास्त जगले, म्हणजे हप्ते जास्त आणि दावे कमी. मग चूक कुणाला खुपणार?

1808 मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच तक्त्यावर आजन्म पेन्शन विकायला काढली: एकरकमी पैसे घ्यायचे, माणूस जगेल तोवर देत राहायचं. आता तीच चूक उलटली. माणसं तक्त्याप्रमाणे मरेनात आणि तिजोरीला गळती लागली!

जॉन फिनलेसन यांनी पेन्शन घेणाऱ्यांचे खरेखुरे मृत्यू मोजले. 1829 च्या त्यांच्या अहवालात तक्त्याचं पितळ उघडं पडलं. त्याआधीच, 1815 मध्ये, जोशुआ मिल्न यांचा कार्लाइल तक्ता आला होता. त्यात मृत्यूंसोबत हयात माणसांचीही मोजणी होती, म्हणून तो वास्तवाच्या जास्त जवळ होता.

तर मंडळी, नफा झाला म्हणून मॉडेल बरोबर ठरत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवा, मगच निकाल द्या.