प्रूफ नाणें व चलनी नाणें : ओळखण्याच्या कांहीं खुणा

१८३५ च्या कंपनी छापाचें एखादें आरशासारखें चकचकीत नाणें हातीं आलें कीं संग्राहक त्यास ‘प्रूफ’ म्हणून मोकळा होतो. वास्तविक प्रूफ हें नाण्याच्या स्थितीचें नांव नसून घडणीचें आहे. प्रूफ नाणें हाताळून झिजलें तरी प्रूफच राहतें, आणि चलनी नाणें कितीहि कोरें असलें तरी प्रूफ होत नाहीं.

चलनी नाणें पाडतांना टांकसाळींत यंत्र भराभर चालतें, चकतीवर दाब एकदांच पडतो, व तयार नाणीं एकमेकांवर आदळत पिशव्यांत जातात. प्रूफासाठीं ठशास व चकतीस जिल्हई देऊन दाब सावकाश, बहुधा एकाहून अधिक वेळां देतात. त्यामुळें मोकळी जागा आरशासारखी, अक्षरें धारदार व किनार काटकोनी उठते. कोरें चलनी नाणें दिव्याखालीं फिरविल्यास प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. प्रूफाच्या मोकळ्या जागेंत ते फिरत नाहींत.

खरी फसगत होते ती घासलेल्या नाण्यांनीं. चलनी रुपयास जिल्हई देऊन त्याचें ‘प्रूफ’ करणारे कारागीर कांहीं थोडे नाहींत! येथें भिंग घ्यावें. ठसा घासल्यामुळें पडलेल्या रेषा नाण्यावर उंच उमटतात व अक्षराच्या पायथ्याशीं थांबतात. नाणेंच घासलें असेल तर रेषा खोल असून अक्षरांवरून व चेहऱ्यावरूनहि बेधडक जातात, आणि अक्षरांच्या कडा गोलावलेल्या दिसतात. आमच्या मतें सर्व खुणांत हीच अधिक भरंवशाची. मात्र नव्या, जिल्हई दिलेल्या ठशाचीं पहिलीं चलनी नाणीं प्रूफासारखीं चमकतात व त्यांवरहि रेषा उंचच असतात. तेव्हां किनार व अक्षरांची धारहि पाहावी.

१९६९ च्या गांधी-शताब्दीच्या नाण्यांत टांकसाळीनेंच काम सोपें केलें आहे. मुंबईच्या चलनी नाण्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आहे, तर प्रूफावर ‘बी’ हें इंग्रजी अक्षर. शहराचें नांव बदलल्यावर पुढें त्या जागीं ‘एम’ आलें.

कंपनीच्या नाण्यांस अशी सोय नाहीं, आणि तेथें आणखी एक घोटाळा आहे. कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनीं जुन्या सालांचीं नाणीं मागाहून संग्राहकांसाठीं पुन्हां पाडलीं. सिंह व ताडवृक्ष असलेली १८३५ ची दुहेरी मोहर अशा रीतीनें पुष्कळ झाली. तीहि प्रूफाच्याच पद्धतीनें पाडलेली असल्यानें केवळ चकाकीवरून तिचा काळ ठरत नाहीं. ठसा दीर्घकाळ पडून गंजला असल्यास गंजाचे खळगे नाण्यावर बारीक उंच कणांच्या रूपानें उमटतात, ते शोधावे.

हा भेद केवळ किंमतीपुरता नाहीं. अशा मोहरा पाहून १८३५ नंतर सोनें कायदेशीर चलन होतें असें कोणीं लिहिल्यास तें चुकीचें होईल. कारण त्याच वर्षाच्या १७ व्या कायद्यानें सोन्याच्या नाण्याचें कायदेशीर चलन बंद केलें होतें आणि १८० ग्रेन वजनाचा रुपया हेंच प्रमाण नाणें ठरविलें होतें. म्हणून संग्रहाच्या यादींत नाण्यावरचें साल व तें पाडल्याचा अजमासें काळ हीं दोन वेगळ्या रकान्यांत नोंदवावीं, आणि काळाचा निर्णय होत नसेल तेथें दुसरा रकाना कोरा ठेवावा.